जाऊबाई, नळ आणि शालूचं लग्न

उभ्या नागपुरात आमच्या मोठ्या जाऊबाईंना वचकून नसेल असा एकही नळ नव्हता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. माणसं त्यांना मुळीच वचकत नसत. दूधवाला त्यांच्या डोळ्यांदेखत मापात पाणी घाली, भाजीवाली कालची मेथी आजची म्हणून त्यांच्या पदरात टाकी, आणि जाऊबाई वर तिच्या पोराची खुशाली विचारत. पण त्या स्वयंपाकघरात शिरल्या की टपटपणारा नळ आपसूक गप्प होई, असं मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. हळदीकुंकवाला गेलो की यजमानीण दारात करंडा घेऊन उभी आणि जाऊबाई तिच्या बाजूने वाट काढून सरळ आत. तिथे त्या नळासमोर मान किंचित तिरकी करून उभ्या राहत, चावीवर दोन बोटं ठेवत आणि वैद्य नाडी बघतो तशी ती हलकेच इकडून तिकडे हलवून बघत. मग बाहेर येऊन कुंकू लावून घेत आणि यजमानिणीला हळूच सांगत, ‘वरची टोपी ढिली झाली आहे वं बाई. पोळ्यापर्यंत चालन. मंग नाही चालणार.’ आणि पोळा झाला की त्या घरून निरोप येई, की जाऊबाईंना जरा पाठवून द्या.

माहेर त्यांचं काटोलकडचं, संत्र्याच्या बागा असलेल्या शेतकऱ्याचं. विहिरीवर तेलाचं इंजिन होतं आणि ते बंद पडलं की वडील खोलायला बसत, तेव्हा नट-बोल्ट ओंजळीत धरून बसण्याचं काम या मुलीकडे असे. नळ मात्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो सासरी. सासूबाई तेव्हाच अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि वर्षभरात गेल्या. म्हणजे नव्या नवरीच्या पदरात एकदम दोन गोष्टी पडल्या, परकरी वयाचीही न झालेली धाकटी नणंद शालू आणि स्वयंपाकघरातला गळका नळ. दोघांनाही त्यांनी मायेने वाढवलं. शालूची वेणी घालता घालता त्या नळाकडे कान देऊन असत, आणि नळ खोलून बसल्या की शालूचे पाढे ऐकत. शालू त्यांना वहिनी म्हणे, पण ती हाक ऐकणाऱ्याला आईचीच वाटे.

त्यांच्याजवळ वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा होता. त्यात वडिलांनी दिलेला पाना, एक पक्कड, सुताची गुंडी, आटे घट्ट बसवायच्या सफेद्याची डबी आणि जुन्या वहाणांचे तुकडे असत. हे तुकडे नळात घालायच्या वायसरांसाठी, म्हणजे आतल्या चकत्यांसाठी. बाजारच्या रबरी वायसरांवर त्यांचा विश्वास नव्हता. पायाखाली राबलेलं कातडंच पाण्याखाली टिकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे घरात कुणाचीही वहाण जरा झिजली की तिच्यावर त्यांची नजर बसे. आमचे सासरे, म्हणजे मामंजी, सरकारी कचेरीतून मानाने निवृत्त झालेले गृहस्थ. ते एकदा देवळात जायला निघाले आणि वहाण पायात घालताच एका बाजूला कलले. टाचेतून रुपयाएवढं वर्तुळ काढून नेलेलं होतं. तसेच किंचित कलते देवळात जाऊन आले आणि आल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून नळाकडे बराच वेळ बघत राहिले. नळ थेंबभरही गळत नव्हता.

मी या घरात आले ती साताऱ्याकडून. आमच्याकडे आड होता, नळाची रीतभात मला ठाऊक नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी भांडी विसळून नळ बंद केला तो अंगातलं सगळं बळ लावून. जाऊबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी माझा हात अलगद चावीवरून काढला.

‘काहून वं बाई, इतकी काहून पिळतेस त्याले? तो काय तुहा वैरी आहे?’

‘पाणी थेंबभरही पडू नये म्हणून,’ मी म्हणाले.

‘पाणी थांबलं का हात थांबला पाहिजे. त्याच्यापुढचा जोर फुकटचा. आतलं कातडं रडून राहिलं असन.’

मग त्यांनी माझा हात आपल्या हातात घेऊन चावी पुन्हा उघडायला आणि पुन्हा मिटायला लावली. तळहाताला एक बारीकसा अडथळा जाणवला आणि पाणी थांबलं. ‘तेच,’ त्या म्हणाल्या. ‘तेच त्याचं बोलणं. ते ऐकू आलं का सोडून द्याचं.’ आज माझे केस पांढरे झाले आहेत, पण नळ मिटताना माझा हात अजून त्या बोलण्यासाठी थांबतो.

मात्र हे कसब नळापुरतंच होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. बाकीची यंत्रं त्यांच्या हातात आली की वेडी होत. मामंजींचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी एकदा तेल घालण्यासाठी म्हणून उतरवलं. त्यानंतर ते मन मानेल तेव्हा ठोके देऊ लागलं. दुपारच्या वामकुक्षीत ते एकदा सुरू झालं ते थांबेचना, आणि शेजारचे लोक काही अघटित झालं की काय म्हणून कुंपणापाशी येऊन उभे राहिले. जाऊबाई मुळीच खजील झाल्या नाहीत. ‘त्याच्यात पाणी नाही ना,’ त्या म्हणाल्या. ‘पाणी नसलं का मले समजत नाही.’

शालूचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही गांधीबागेच्या कापडबाजारात शालू-शेले घ्यायला गेलो. कापडाच्या ढिगापुढे बाकीच्या बायका बसल्या आणि जाऊबाई दिसेनाशा झाल्या. मी शोधत निघाले, तर त्या जवळच्याच गल्लीत एका लोखंडी सामानाच्या दुकानात उभ्या. समोर पितळी नळांची रास. एकेक नळ उचलायचा, गल्ल्याच्या फळीवर हलकेच आपटून आवाज ऐकायचा, मग तोंडाला लावून त्यात फुंकायचं. दुकानदार हात जोडून म्हणाला, ‘बाईजी, नल है ये, बांसुरी नहीं है.’ जाऊबाईंनी त्यालाही शांतपणे सांगितलं, ‘हवा रुकी तो पानी रुकेगा, भैया.’ शेवटी त्यांनी एकही नळ घेतला नाही. एकाचाही आवाज त्यांना पसंत पडला नव्हता. साड्यांच्या दुकानात परतल्यावर मात्र त्यांनी शालूसाठी हिरवा शालू पहिल्याच नजरेत उचलला आणि तो तिला असा शोभला की पुढे बोलायला जागाच राहिली नाही.

लग्न घरच्या अंगणात होतं, मे महिन्यात. आमच्या नंदनवन वस्तीत तेव्हा घरं तुरळक होती आणि समोरच्या मोकळ्या जागेवर मांडव सहज मावला. पाण्याची मात्र ओढ होती. नळाला पाणी येई ते पहाटे थोडा वेळ. तेवढ्यात गच्चीवरची सिमेंटची टाकी भरून घ्यायची आणि दिवसभर तीच पुरवायची. लग्नाच्या दिवशीचा स्वयंपाक, पंगती, पाहुण्यांचे हातपाय, नागपूरच्या उन्हात वऱ्हाडाची तहान, सगळं त्या एका टाकीवर. आणि टाकीचं पाणी घरात उतरत होतं ते स्वयंपाकघरातल्या त्या एकाच नळातून.

लग्नाच्या आधी जाऊबाईंनी मामंजींना सांगितलं होतं, की नळाची वरची टोपी हलते आहे, आटे झिजले आहेत, सूत गुंडाळून बसवायला हवी. पण मामंजींना घड्याळ आठवलं. ते म्हणाले, ‘हे बघ मोठे, लग्न पार पडेपर्यंत या घरातलं काहीही उघडायचं नाही. नळ, घड्याळ, कंदील, काही नाही. तो डबा उचलून ठेव.’ जाऊबाईंनी आयुष्यात सासऱ्यांचा शब्द मोडला नव्हता. डबा मागच्या खोलीत गेला आणि त्याच्यापुढे शालूच्या रुखवताची चवड लागली.

मुहूर्त दुपारचा होता. वऱ्हाड आलं, सरबत झालं, शालू गौरीहरापाशी बसली. जाऊबाई हळदकुंकवाचं आणि अक्षतांचं तबक घेऊन लगबगीने मांडवाकडे निघाल्या होत्या. जांभळं लुगडं, नाकात नथ, अंबाड्यावर मोगऱ्याची वेणी. इतकं सजलेलं मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या आत्याबाई हात धुवायला स्वयंपाकघरात शिरल्या. नळाची चावी सैल असल्यामुळे ती फिरतच राहिली आणि आत्याबाई ती फिरवतच राहिल्या. शेवटी चावी, आतला दांडा आणि वरची टोपी असं सगळंच त्यांच्या हातात आलं आणि उघड्या नळातून पाणी कारंज्यासारखं वर उसळलं. आत्याबाई ते पितळी प्रकरण हातात घेऊन, एखादा किल्ला जिंकून त्याची किल्ली मिळाल्यासारख्या, चिंब भिजून उभ्या.

मी धावले तोवर जाऊबाई पोचलेल्या होत्या. तबक कट्ट्यावर, आणि उजवा तळहात नळाच्या तोंडावर दाबलेला. पाणी बोटांच्या फटींतून चारी दिशांना फवारत होतं, नथीवरून ओघळत होतं, पण त्यांचा आवाज नेहमीचाच होता.

‘आत्याबाई, ते इथं ठेवा अन् लुगडं बदलून घ्या. काही झालं नाही,’ त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, ‘वरची टाकी बंद कराले सांग.’

माझे यजमान गच्चीवर धावले आणि तळहातांवर हिरव्या रंगाचे पापुद्रे घेऊन खाली आले. लग्नासाठी घर रंगवताना रंगाऱ्याने टाकीच्या चावीवरही उदारपणे ब्रश फिरवला होता. ती तैलरंगाखाली दगडासारखी बसली होती.

आता मामंजी दारात आले. डोक्यावर टोपी, अंगात नवा कोट, आणि चेहरा पार उतरलेला. मांडवात भटजी घाई करत होते. मामंजींनी जाऊबाईंच्या भिजलेल्या हाताकडे पाहिलं.

‘मोठे, सोड तो हात,’ ते म्हणाले. ‘पाणी जायचं तर जाऊ दे. तू लहानाची मोठी केलीस तिला. तू मांडवात नाहीस असं कसं होईल?’

‘पाणी गेलं तं पंगतीले काय पाजसान, मामंजी?’ जाऊबाई म्हणाल्या. ‘एवढ्या उन्हात वऱ्हाडी तहानेले उठले तं पोरीले जन्मभर ऐकावं लागन. तुमी जा. मुहूर्त थांबत नाही.’

मामंजी जागचे हलेनात. मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्या करारी माणसाने आपल्या नव्या उपरण्याने सुनेच्या डोळ्यांवरचं पाणी टिपलं, आणि मान खाली घालून मांडवाकडे गेले.

मी रुखवताची चवड बाजूला सारून डबा काढला. पाना होता, सफेदा होता. सूत नव्हतं. मांडवाला आंब्याच्या डहाळ्या बांधायला कुणीतरी गुंडी उचलून नेली होती. ‘भटजीजवळ असन,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘नवरा-नवरीच्या भोवती गुंडाळाचं असते ना, ते. अर्धं माग.’

मी मांडवात गेले. शालू पाटाजवळ उभी राहिली होती, अंतरपाट धरला जात होता. मला पाहताच ती कुजबुजली, ‘वहिनी कुठे आहेत?’

निघताना जाऊबाईंनी एवढंच बजावलं होतं, की शालूला काही कळता कामा नये. ‘मागेच उभ्या आहेत तुझ्या,’ मी म्हणाले. नवरीला वळून बघता येत नाही, हे बरं असतं. शालूचे खांदे सैल झाले आणि तिने मान खाली घातली. भटजींना मी कानात सुताचं सांगितलं. त्यांनी मंत्र न थांबवता माझ्याकडे पाहिलं, माझ्या भिजलेल्या पदराकडे पाहिलं, सुताची लड काढून हिसड्याने तोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. मंत्राचा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

मग नळाचं तोंड मी दाबून धरलं आणि जाऊबाई टोपीच्या आट्यांवर सूत गुंडाळायला बसल्या. बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या हाताखाली पाणी धडका देत होतं, आणि त्या एखाद्या लेकराच्या हाताला दोरा बांधावा तशा सावकाश, एकावर एक वेढा बसवत होत्या. सफेदा लावला. ‘आता सोड,’ म्हणाल्या. मी हात काढला, कारंजं उसळलं आणि त्याच्या ऐन मध्यात त्यांनी टोपी बसवली. पहिल्यांदा ती निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. तिसऱ्या खेपेला आटा पकडला. खिडकीतून ‘सावधान’ ऐकू आलं आणि त्यांनी पाना किंचित फिरवला. पुढचं कडवं झालं, पुन्हा ‘सावधान’, पुन्हा पाना किंचित. पाण्याची चवरी बुटकी होत गेली, मग टोपीच्या कडेने नुसतं झिरपायला लागलं.

‘तू जा,’ त्या एकदम म्हणाल्या. ‘घरातल्या एकीनं तरी डोळ्यानं पाह्यलं पाहिजे. जा वं.’

मी पळाले. शेवटचं कडवं चाललं होतं आणि पुढे उंच मामेसासऱ्यांची भिंत उभी होती. अंतरपाट खाली आला तेव्हा मला दिसलं ते एवढंच, हिरव्या शालूची एक कड आणि वर उचललेले हात. वाजंत्री वाजली, टाळ्या वाजल्या. मी परत आले तेव्हा जाऊबाई नळासमोर उभ्या होत्या. पाणी थांबलं होतं. खिडकीखालच्या ओल्या भिंतीला अक्षतांचे दाणे चिकटले होते. त्यांनी जागेवरूनच आवाजाच्या दिशेने अक्षता टाकल्या होत्या.

पंगती उठल्या. टाकी तळाला गेली, पण पाणी पुरलं. वऱ्हाडी मंडळी तृप्त होऊन, तुमच्याकडचं पाणी फार गार हो, असं सांगून गेली. निघायच्या वेळी शालू वाकून नमस्कार करायला जाऊबाईंपाशी आली. त्यांनी लुगडं बदललं होतं, पण हाताची बोटं पाण्याने सुरकुतलेली होती. शालूने ती बोटं हातात घेतली आणि बघत राहिली.

‘वहिनी, तुम्ही मागे उभ्या होता ना?’

‘होती ना वं. कुठं जाईन मी?’ जाऊबाई म्हणाल्या. मग तिला जवळ ओढून म्हणाल्या, ‘सासरी गेली का नळाची चावी पहिले पाहून घेजो. हलत असली तं कोणाले बोलू नको. मले बोलावजो.’ आणि शालू, जी तोवर धीराने उभी होती, ती त्या वाक्यावर रडली.

संध्याकाळी मांडव उतरत होता. जाऊबाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. मी चहा दिला. कप तसाच ठेवून त्यांनी विचारलं, ‘कशी दिसत होती वं?’

मी सांगायला लागले. पाहिलं होतं ते एका वाक्यात संपलं, म्हणून न पाहिलेलंही सांगितलं. शालूने हार घालताना डोळे कसे वर उचलले, नवरामुलगा कसा ओशाळून हसला, शालूच्या मामीची निळी पैठणी कशी मध्येच आली, अंतरपाट खाली येताना मुंडावळ्या कशा थरथरल्या. जाऊबाई एकेक गोष्ट दोनदा विचारून घेत होत्या. चहा निवून गेला.

पुढे कितीदा तरी मी त्यांना ते लग्न सांगितलं. शालू बाळंतपणाला आली तेव्हा, मामंजी गेल्यानंतरच्या रिकाम्या दुपारी, आम्ही दोघीच जाग्या असलो म्हणजे. दर वेळी त्यात थोडी भर पडे. फोटोवाल्याने काढलेल्या एकाही फोटोत जाऊबाई नाहीत, पण त्यांना ते फोटो बघायला फार आवडत.

शेवटच्या आजारात त्यांच्या हातांना कंप सुटला होता आणि डोळ्यांनी कमी दिसत होतं. मी उशाशी बसले होते. त्या म्हणाल्या, ‘शालूचं लग्न सांग वं.’ मी नेहमीसारखी सुरुवात केली. अंतरपाट, हार, ओशाळलेला नवरामुलगा. मामीच्या निळ्या पैठणीपाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

‘निळी नाही वं,’ त्या म्हणाल्या. ‘डाळिंबी होती. तुह्या ध्यानात नाही. मी शालूच्या मागंच तं उभी होती.’

‘हो, डाळिंबीच होती,’ मी म्हणाले, आणि पुढचं त्यांनाच सांगू दिलं.